कृषकच्या पंखाचं कापड

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलो तेव्हा बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. आई गेल्यापासून ते असेच. विचारलं तर बोलायचं, नाहीतर गप्प. नाशिकचं घर बंद करून त्यांना पुण्याला माझ्याकडे आणायचं, हे मी मनाशी ठरवून बसले होते. त्याआधी ही एक सहल.

बाबा तोफखान्यात अधिकारी होते आणि ‘कृषक’ नावाचं छोटं टेहळणी विमान उडवायचे. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड. वर घिरट्या घालायच्या, आपला गोळा कुठे पडला ते पाहायचं आणि खालच्या तोफेला रेडिओवरून सांगायचं, एवढंच त्याचं काम. पुढे हेलिकॉप्टरं आली आणि कृषक भंगारात गेलं. त्यातलाच एक सांगाडा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पोचल्याचं कळलं होतं.

कळंबच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. ड्रायव्हर चाक बदलत असताना शेतात कापूस वेचणारी एक बाई बांधावर आली.

“कुठी चालले जी?”

मी सांगितलं.

“इमानाचं नाव कृषक? मंग थे आमचंच झालं!” ती हसली आणि ओंजळभर तुरीच्या शेंगा देऊन गेली. बाबा शेंगा सोलून खात राहिले.

लोहाऱ्याला मीनाताईंचा कारखाना आहे. ताडपत्र्या आणि ट्रॅक्टरचे हूड शिवण्याचा. “भंगारवाला कापून राह्यलता. मले पाहवलं नाही, घेऊन टाकलं,” त्या म्हणाल्या. गावच्या शाळेपुढे त्यांना ते विमान उभं करायचं होतं. एका पंखावर कापड चढलं होतं, बाकी सगळा हाडांचा सापळा.

“हे माझं विमान नाही,” बाबा म्हणाले आणि वळले. इतक्या लांब उगाच आणलं त्यांना, असं मला वाटलं.

“नसन तुमचं, काका. पण कापड बराबर बसलं का, थे तं सांगून जा.”

“मी उडवायचो बाई, शिवायचो नाही.” तरी ते पंखाजवळ गेले. बोटाने टिचकी मारली. बद्द आवाज आला. “उड्डाणाआधी आम्ही असं वाजवून पाहायचो. हे ढिलं आहे. मी वर नेलं नसतं.”

“मंग उसवा लागते,” म्हणत मीनाताईंनी कात्री उचलली.

दुपारी त्यांच्या घरी भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) आमटी जेवलो. तिखटाने बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी नव्याने ताणलेल्या कापडावरचा, ते आवळून धरणारा लेप वाळला. बाबांनी टिचकी मारली. टण्ण! ते जागा बदलून बदलून वाजवत राहिले. मग म्हणाले, “मला आत बसवा.” आम्ही दोघींनी त्यांना हात देऊन चढवलं. आत खुर्ची नव्हती, फळीवरच बसले. मान वळवून आधी मागे, मग बाजूला पाहिलं.

“शेपूट राहिलंय. दुसरा पंख राहिलाय,” ते म्हणाले.

“बाबा, उद्या वर्ध्याहून गाडी आहे.”

“तुझी आहे.”

“राहू द्या न ताई,” मीनाताई म्हणाल्या. “घरी खोली हाये.”

मी एकटीच परतले. वर्धा सुटल्यावर न राहवून फोन केला.

“नंतर कर गं,” बाबा घाईघाईने म्हणाले, “कापड ताणतोय आम्ही.” आणि फोन बंद.

त्यांच्या उरलेल्या दिवसांची सगळी आखणी मी करून ठेवली होती. त्यांना स्वतःला अजून काही करावंसं वाटेल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कितीतरी महिन्यांनी बाबांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. मला फार बरं वाटलं.