दाराजवळचं स्टूल

आक्का गेल्याचा निरोप घेऊन सांगवीचे तात्या स्वतः इंदापूरला माझ्या शाळेत आले. "मास्तर, आपली आक्का गेली..." एवढंच म्हणाले. आपली! एके काळी याच माणसानं तिचं तोंड पाहणार नाही असं सांगितलं होतं. ते आठवून रडतानाही मला बहिणीचा अभिमान वाटला.

बारामतीच्या दवाखान्यात आक्का औषधं तयार करी. सोमलासारखी जहाल, विषारी औषधं तिच्याच ताब्यात असत. तोंडाला फडकं बांधून ती गुंजेहूनही कमी सोमल तोलायची, पुड्या बांधायची आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसायची. तिथं कोरडा झाडू तिनं कधी फिरू दिला नाही. मी एकदा त्या टेबलावर चहाचा कप ठेवला, तर चारचौघांत हातावर फटका बसला. थोरल्या बहिणीपुढं मास्तरकी चालत नाही.

तात्यांच्या लेकीला, शेवंताला, जुनाट तापावर सोमलाची मात्रा चालू होती. ती आक्कासमोरच घ्यायची, घरी न्यायची नाही. पोरीला उतार पडू लागला तसे तात्या खुशीनं ताज्या गुळाची ढेप घेऊन आले, ती नेमकी त्या टेबलावर ठेवली आणि खडा मोडून शेवंताला दिला. आक्कानं तो तिच्या तोंडाशी गेलेला हिसकावला आणि सगळी ढेप खड्ड्यात पुरली. तात्या लालबुंद झाले. "आमी मायेनं आणलं, तुमी मातीत घातलं. न्हाय पायजे तुमचं औषध, पुन्यांदा तोंड बघनार न्हाय तुमचं." पोरीला घेऊन ते निघून गेले. औषध अर्धवट राहिलं तर ताप उलटेल, या धास्तीनं आक्का जेवली नाही.

मी सुटीत तिच्याकडंच होतो; दुसऱ्या दिवशी बैलगाडी करून आम्ही सांगवीला गेलो. तात्यांच्या गुऱ्हाळावर जाऊन तिनं सरळ ओंजळ पुढं केली. "तात्या, त्या टेबलावर विषाचा कण राहिला तर डोळ्यांना दिसत नाही. शेवंताच्या पोटात तो जाऊ द्यायचा होता का? इथला गूळ द्या, पोटभर खाते." तात्यांनी रस उकळत असलेल्या काहिलीतला झारा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "असं व्हय... बसा की हितं." शेवंता त्याच गाडीतून आमच्याबरोबर परत आली.

लोकांना काही आणू नका, असं आक्का कधी म्हणाली नाही. तिनं दाराजवळ एक स्टूल मांडलं, आणलेलं तिथं ठेवायला.

परवा दवाखान्यातून तिचं सामान आणायला गेलो, तर शेवंता आलेली. कडेवर मूल. आक्का नाही हे ठाऊक असूनही तिनं गुळाची पुरचुंडी स्टुलावर ठेवली. मूल टेबलाकडं झेपावलं, तसा तिनं त्याचा हात धरला.

"तितं न्हाय," ती म्हणाली. अगदी आक्काच्या आवाजात...