पास्त्याची अळणी

ह्यांचं तोंड आता एक बोट जाईल एवढंच उघडतं. गालाचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक झाले आणि जबडा हळूहळू आवळतच गेला. मागच्या सोमवारी डॉक्टरांनी वजन केलं, काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "पुढच्या सोमवारी आणखी उतरलं असलं तर पोटातून नळी घालावी लागेल. तोवर तोंडानं जेवढं जाईल तेवढं जाऊ दे."

ह्यांनी तिथंच नाही म्हणून मान हलवली. ऑपरेशनच्या वेळी नाकातून घातलेली नळी दुसऱ्या दिवशी उपसून टाकलेला माणूस. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "नळी न्हाय. नळी लावून जगायचं न्हाय." जीभ वळत नाही, शब्द अर्धेच बाहेर पडतात, पण पंचेचाळीस वर्षं ज्याची बोलणी खाल्ली त्याचे अर्धे शब्दही मला पुरतात.

म्हणजे माझ्याकडं एक आठवडा होता. आठवडाभरात मी मुगाचं वरण केलं, रताळं कुस्करलं, दुधात भाकरी भिजवली, अंडं दुधात फेटून दिलं. दोन चमचे झाले की हात आडवा. "माती लागतीय." रश्श्यावर तवंग दिसला नाही की ताट सरकवणारा माणूस हा, आता त्याला जिऱ्याची फोडणीसुद्धा झोंबते.

अशा वेळी मला माझी तरुणपणची आवृत्ती आठवते आणि हसू येतं. बावीस वर्षांची, दोन वेण्यांची, हातकणंगल्याजवळच्या खेड्यातून आलेली बया. कुठलाही माणूस जेवणानं धरून ठेवता येतो, अशी तिची ठाम समजूत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी सांगितलं, नुसती पेज द्या. हिला ते पटेना. बिनतिखटाचं दिलं तर नवऱ्याला वाटेल हिची माया कमी झाली. मग ही शहाणी काय करायची, पेजेच्या तळाशी चमचाभर कांदा-लसूण चटणी घालायची आणि वर पांढरी पेज ओतायची. सासूबाई वाटीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "गुणाची गं सून." नवरा नाक पुसत, घामाघूम होऊन पेज प्यायचा. पंधरा दिवसांचं दुखणं सव्वा महिना चाललं. बरा झाला तेव्हा हिला वाटलं, नवरा आपण वाचवला. मला तर वाटतं, टायफॉइडच कंटाळून निघून गेला असणार.

हीच बया जेवणानंतर ह्यांना तंबाखू मळून द्यायची. चुना किती, किती चोळायचं, सगळं बरोब्बर. "तुझ्या हातच्या चिमटीची सर कुणाला न्हाय," असं हे एकदा चारचौघांत म्हणाले, तर गल्लीभर मिरवून आली. ह्या गोष्टीवर मी अजून हसायला शिकलेली नाही. बाकी सगळ्यावर हसते.

तर रविवारी दुपारी नातीचा फोन आला. ती पुण्यात नोकरीला. काही महिन्यांमागं तपासणीसाठी पुण्याला गेलो होतो तेव्हा ह्यांनी तिच्या ताटातले दोन घास खाल्ले होते. स्वतः मागून. ते काय होतं, हे मी आता विचारलं.

"सॉसेज-पास्ता, आज्जी. मी रोजच करते. सगळं एकाच पॅनमध्ये, वीस मिनिटांत. सॉसेज मऊ असतं, त्यात क्रीम घाल, चीज घाल. आजोबांच्या पोटात ताकदीचं तरी जाईल."

"एकाच भांड्यात? आणि रस्सा?"

"रस्सा नसतो गं. तू संध्याकाळी व्हिडिओ कॉल लाव, मी सांगते."

राजारामपुरीत आमचं नेहमीचं मटणाचं दुकान आहे. आधी आताच्या पोराचे आजोबा कापून द्यायचे, मग वडील. आता ह्या पोरानं भिंतीला दोन फ्रीजर लावलेत. त्याच्यापुढं उभी राहून मी सॉसेज मागितलं, तर त्यानं सुरी खाली ठेवली.

"मावशी, सॉसेज? तुमच्यात? काकांनी बघितलं तर माझं दुकान उठवतील की ओ!"

"काकांसाठीच पाहिजे."

तो वळला. फ्रीजर उघडून बराच वेळ खाली हात घालून शोधत राहिला. "हे न्या. चिकनचं हाय, साधं. मिरीबिरी काय न्हाय." मग पिशवी हातात देताना, "काकांना सलाम सांगा. म्हणावं, रविवारचं गिऱ्हाईक वाट बघायला लावतंय."

पास्ता घेताना मी बोटभर जाडीचे, आरपार पोकळ तुकडे मुद्दाम निवडले. माप तेच होतं ना. जाईल आत, असं वाटलं.

सात वाजता फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर नात, तिच्या केसाला टॉवेल.

"आधी सॉसेजची साल काढ. गोल चकत्या कर. थोड्या लोण्यात परत. लसूण?"

"लसूण झोंबेल."

"मग नको. आता पास्ता टाक, कच्चाच. वर तीन कप पाणी, मीठ. झाकण ठेव. मी केस वाळवून येते. तू फक्त मधे मधे हलव, बाकी कशालाही हात लावू नको."

मी हलवत राहिले. पाणी पांढरं झालं, वर लोण्याचे बारीक डोळे तरंगायला लागले, कोंबडीचा वास सुटला. आणि माझ्या हातानं मला न विचारता आपलं काम केलं. आमच्याकडं मटण आधी हळद-मिठाच्या पाण्यात शिजवतात, आणि मसाला पडायच्या आत ते पाणी काढून ठेवतात. त्याला अळणी म्हणतात. घरातल्या बारक्या पोरांना, बाळंतिणीला, आजाऱ्याला वाटीभर अळणी पहिली. सासूबाईंनी पहिल्या रविवारी शिकवलेली गोष्ट. एवढ्या वर्षांत भांड्याखाली गॅस आणि वर मांसाचं पाणी असलं की माझा हात वाटी शोधतो. मी पॅन फडक्यानं धरला, झाकण आडवं लावलं आणि सगळं पाणी पातेल्यात निथळून घेतलं. पॅन परत गॅसवर.

नात आली. "आज्जी, पाणी कुठं गेलं?"

"काढून ठेवलं."

"काढून? आज्जी! ते आटवायचं होतं! सगळा अर्क त्यातच असतो!"

"आमच्यातही त्यातच असतो, म्हणून तर काढायचा!"

"अगं, ओत ते परत! खालनं लागलं बघ, धूर येतोय!"

ती खदाखदा हसायला लागली, मीही हसले. पाणी परत ओतलं. पण वाटीभर ठेवलंच मागं, ते ओतवेना. मग क्रीम, मग चीज. तळाला लागलं होतं, काही तुकडे मऊ, काही टणक. टणक मी वेचून काढले. खूप महिन्यांनी स्वयंपाकघरात हसले होते, त्यामुळे मला उगाच वाटायला लागलं होतं की आज जाईल.

ताटली घेऊन गेले, दुसऱ्या हातात ती अळणीची वाटी. ह्यांनी बोटानं एक तुकडा उचलला, उजेडाकडं धरला, त्यातून आरपार माझ्याकडं बघितलं.

"डॉक्टरची एक नळी नको म्हटली, तर तू शंभर घेऊन आलीस व्हय."

"खा गपगुमान."

तुकडा आत गेला. गेला खरा. पण चावायला जबडा लागतो आणि ढकलायला जीभ लागते. बराच वेळ गाल हलत होता. डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांनी मान खाली घातली आणि तुकडा हातात काढून ठेवला, आख्खाच्या आख्खा. मी सॉसेजची चकती चमच्यानं रगडून दिली. तीही तशीच परत आली.

"अहो, अजून बारीक करते. मिक्सरला लावते."

तेवढ्यात त्यांना वाटी दिसली. नाक वर करून वास घेतला. "अळणी हाय?"

"आहे."

ह्यांनी स्वतः हात पुढं केला. किती महिन्यांत ह्या माणसानं खायच्या वस्तूकडं आपण होऊन हात केला नव्हता. दवाखान्यातल्या बाईंनी मला बजावलं होतं, पातळ काही द्यायचं तर चमच्या-चमच्यानं, मान खाली ठेवून. सरळ प्यायले तर श्वासनळीत जाईल. मला ते पाठ होतं. आणि मी वाटी दिली. त्यांनी ती ओठाला लावली आणि बारक्या पोरासारखी एकदम वर केली.

पुढचं फार लिहीत नाही. खोकला थांबेना. चेहरा काळानिळा झाला, मी पाठीवर थापट्या मारत होते, अळणी नाकातून येत होती. फोनवर नात "आज्जी? आज्जी, काय झालं?" करत होती. शेवटी श्वास आला. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला म्हटलं, "काही नाही बाळा. आवडलं त्यांना. घाईनं खाल्लं, ठसका लागला." तिनं टाळी वाजवली. मी फोन ठेवला.

परत आले तर हे भिंतीला टेकून बसले होते. सदरा भिजलेला.

"चांगली हुती," म्हणाले. "मिठाला बरुबर."

"अहो, मग नळी..."

"न्हाय म्हटलं की."

"मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला?"

त्यांनी भिजलेल्या सदऱ्याकडं बघितलं. "वास आला, चव आली, आन् पोटात काय गेलं न्हाय. नळीनं पोटात जाईल, पण चव न्हाय येणार. मग कशाला?" एवढं लांब वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. त्या बावीस वर्षांच्या बयेकडं ह्याला उत्तर असतं. तिनं रडून, उपास धरून, चटणी लपवून काहीतरी केलंच असतं. मी सदरा बदलला. मग ओट्यापाशी उभी राहून पॅनमधला करपलेला पास्ता चमच्यानं खरवडून खाल्ला. चांगला लागत होता. त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी वजन दोन किलो उतरलेलं होतं. डॉक्टरांनी नळीचं विचारलं, ह्यांनी मान हलवली. डॉक्टर माझ्याकडं वळले, "तुम्ही समजवा ना त्यांना."

"डॉक्टर, ह्यांना समजावणारी अजून जन्माला यायची आहे," मी म्हटलं. हे हसले. त्यांचं हसू आता नाकातूनच येतं. डॉक्टर हसले नाहीत. नळी नको म्हणून लिहिलेल्या कागदावर ह्यांची सही झाली, तिच्याखाली माझीही घेतली.

घरी येऊन ह्यांना पलंगावर निजवलं आणि भात टाकायला डबा उघडला. दोन मुठी तांदूळ पातेल्यात पडले. एक मूठ परत डब्यात टाकली. मागं वळून बघितलं, तर पलंगावरून हे सगळं बघत होते.

"घाल की दोन्ही," म्हणाले. "उद्या फोडणी दे, तुला हुईल."