आखितीच्या आधीचा आंबा

आईला हिर्डोशीहून पुण्याला आणलं, त्या सकाळी निघायच्या आधी तिनं चूल सारवली. दादाची बायको, माझी वहिनी, मागं उभी राहून म्हणत होती, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या की, म्या करते." आई ऐकेना. चूल सारवून झाली, हात धुतले, मग नानांची घोंगडी खुंटीवरून काढली, झटकली, घडी घातली आणि पुन्हा खुंटीवरच टाकली. नाना म्हणजे माझे वडील. ते दिवाळीच्या तोंडावर गेले होते. उंबऱ्याला हात लावून आई दादाला म्हणाली, "आखितीला मला हितं आनायचं. जित्ती आसले तर जित्ती, न्हाईतर मढं. पन आनायचं." आमचं घर चढावर आणि एस्टी थांबायची ती खाली रस्त्याला. दादानं तिला पाठीवर घेतलं. डोईवर भाताचा भारा घेऊन हीच वाट चढणारी बाई, त्या दिवशी मुलाच्या पाठीवर तिचं ओझं म्हणून काही जाणवत नव्हतं, असं दादा पुढं कितीदा तरी बोलला.

माझं गाव त्याच्या पाच-सहा वर्षं आधीच सुटलं होतं. लग्न होऊन मी खडकीला आले. ह्यांना तिथं कारखान्यात नोकरी होती, दोन खोल्या, नळाचं पाणी, बटण दाबलं की दिवा. निघताना सगळ्या बाया रडत होत्या म्हणून मीही डोळ्याला पदर लावला, पण खोटं कशाला बोलू, मला पुण्याची हौस होती. नाचणीच्या भाकरीला मी कंटाळले होते. हिर्डोशीत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं पोटापाण्यासाठी तिथून उठून आलेल्यांनो, तुम्हाला ही हकिकत अर्धीमुर्धी ठाऊक आहे. उरलेली आज लिहून टाकते. सत्तर सालच्या आगंमागंची गोष्ट आहे.

आईच्या अन्ननलिकेत गाठ होती. भाकरी उतरत नव्हती, भात उतरत नव्हता, पेजसुद्धा घोटाघोटानं. पुण्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ऑपरेशन करू, पण आत्ता हिच्या अंगात काही नाही, टेबलावरच जाईल. आधी वजन वाढवा. आणि मला म्हणाले, "मिल्कशेक द्या. दिवसातून चार वेळा." मी मान डोलावली. मिल्कशेक म्हणजे काय हे मला कुठं माहीत होतं! घरी आल्यावर शेजारच्या डिसोजाबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "केळं, दूध, साखर. घुसळायचं. झालं." म्हणजे आपलं शिकरणच की, मी म्हटलं. फक्त एकही फोड राहता कामा नये.

त्या वेळी आमच्याकडे मिक्सर कुठला असायला. चांगलं पिकलेलं केळं पुरणाच्या चाळणीवर ठेवून वाटीच्या बुडानं घासायचं, खाली पडेल तेवढा गर घ्यायचा. त्यात तापवून गार केलेलं दूध थोडं थोडं घालायचं, एकदम ओतलं की गुठळ्या होतात. मग साखर. मग उंच पातेल्यात रवीनं घुसळायचं आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. पहिल्या दिवशी मी रवी फिरवत होते तर आई अंथरुणावरून बघून म्हणाली, "अगं, ताक करतीस का कुनाशी भांडतीस? दे हिकडं." भिंतीला टेकून बसली, पातेलं दोन पायांत धरलं आणि अशी घुसळली की वर दोन बोटं फेस आला. जन्मभर तिनं हेच केलं होतं. बाटलीच्या दुधाचा वास घेऊन मात्र नाक मुरडलं. "ह्या दुदाला म्हशीचा वास कसा न्हाई गं? नक्की म्हशीचंच हाय न्हवं?"

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग तिला केळ्याचा वीट आला. वीट म्हणजे असा की, पेला तोंडाशी नेला की ओकारी. पपई करून बघितली, ती नको. द्राक्षं गाळून दिली, ती घशाला झोंबली. डॉक्टरांच्या काट्यावर आई उभी राहायची आणि काटा होता तिथंच. एकदा तर खाली आला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "असं असेल तर ऑपरेशनचं विसरा." आई बाहेर बाकावर बसली होती. तिला मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले छान चाललंय.

चैत्र निम्मा झाला होता. मंडईत आंबा आला. मी पिशवी घरात आणली आणि आईनं डोळे मिटूनच विचारलं, "आंबा आनलास व्हय?" तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी हुरळून गेले, म्हटलं, लगेच रस काढते. तशी ती उठून बसली. "खुळी का काय? नानास्नी दावल्याबिगर?"

आता हे आपल्याकडच्या माणसांना सांगायला नको, पण माझ्या सुनेलासुद्धा समजावून सांगावं लागलं म्हणून लिहिते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरून नवं मडकं ठेवतात आणि पानावर आंब्याचा रस वाढतात. त्यांनी खाल्ला की मग घरानं आंबा खायचा. त्याआधी नाही. आणि ही नानांची पहिली आखिती होती. मी आईशी भांडले. आजारी माणसाला कसले आलेत नेम, म्हटलं. नाना असते तर त्यांनीच भरवला असता, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "आजारी म्या हाय. गेले त्ये हायेत. त्यांचं आदुगर." आखितीला अजून अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कामावर असताना मी एक हापूस सोलला. गर चाळणीवर घासला, दूध घातलं, साखर फार घालावी लागली नाही. आई झोपली होती म्हणून घुसळलं मीच. स्टीलच्या पेल्यात ओतून तिला उठवलं. तिनं वास घेतला आणि पेला खाली ठेवला. "आंबा हाय ह्यो."

"चिकू हाय," मी म्हणाले.

हे कसं सुचलं, माहीत नाही. चिकू तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता. हिर्डोशीत चिकू कुठला! तिनं विचारलं, "चिकू असा पिवळा असतो?" मी म्हटलं, "शहरातलं फळ हाय. आंब्यावानीच लागतं." तिनं माझ्याकडे बघितलं. पोटच्या पोरीवर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. तिनं पेला उचलला आणि सगळा प्याली. एक थेंब ठेवला नाही. ओठावरचा फेससुद्धा बोटानं पुसून चाटला. मी पेला धुवायला नेला आणि मोरीत बसून रडले, पण ते आनंदानं. पाप केलं असं तेव्हा मला वाटलंच नाही.

मग रोजच चिकू. दिवसातून तीनदा, कधी चारदा. काटा सरकला. एका आठवड्यात एक किलो, मग आणखी. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आखितीनंतर दहाव्या दिवसाची. आईच्या गालावर थोडं मांस आलं, आवाज आला. डिसोजाबाईंना सांगायची, "चिकू लई ग्वाड असतोय बगा." डिसोजाबाईंना मी डोळ्यानं खुणावलं आणि त्या गप्प बसल्या. एवढ्यावर निभलं असतं. पण एके दिवशी आई ह्यांना म्हणाली, "जावईबापू, आखितीला नानांच्या पानावर चिकू बी ठिवायचा. म्या एकलीच खाती हितं बसून. त्यांनी कदी चाकलासुदिक न्हाई."

मी म्हटलं, आखितीपर्यंत चिकू कुठला मिळतोय, संपेल तोवर. पण ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. गावाला निघायच्या आदल्या दिवशी मंडईत जाऊन हे अर्धा डझन चांगले पिकलेले चिकू घेऊन आले. सासूची इच्छा जावयानं पुरवली म्हणून चेहऱ्यावर कोण समाधान! मी ती पिशवी एस्टीत मुद्दाम विसरायचं ठरवलं होतं. भोरला गाडी बदलताना ह्यांनी ती आठवणीनं उचलली.

आखितीच्या सकाळी वहिनीनं सगळं केलं होतं. नवं मडकं, पुरणपोळी, कुरडया, आमच्या परसातल्या रायवळ आंब्याचा रस. दादा पान वाढत होता. आई दाराशी घोंगडीवर बसली होती, नानांच्याच. वहिनीनं चिकू कापायला घेतला तशी आई म्हणाली, "सुंदरे, आन बगू. कसा असतोय, बगू दे." वहिनीनं फोड तिच्या हातावर ठेवली.

आईनं ती वळवून बघितली. तपकिरी. वास घेतला. जिभेला लावली. मी पानाच्या पलीकडं उभी होते, कुठं बघावं ते मला कळेना. आई म्हणाली, "ह्यो चिकू?"

वहिनी म्हणाली, "व्हय की आत्याबाई."

"आनि रस दे वाईच. बोटाला लाव नुसता."

"अजून पान दावायचं हाय, आत्याबाई."

"दे म्हनते न्हवं."

वहिनीनं घाबरून तिच्या बोटाला रस लावला. आईनं तो चाखला. मला वाटलं, आता ती मला बोलेल, चार शिव्या देईल. आयुष्यभर तिनं मला कमी शिव्या दिल्या नव्हत्या. पण ती पानाकडं तोंड करून, डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "म्या तुमच्या आदुगर खाल्लं."

दादाला काही कळलं नाही. मी तिच्या पायाशी बसले, सगळं सांगितलं, काटा खाली आला होता, डॉक्टर काय म्हणाले होते, सगळं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी त्यांच्या जिवासाटीच केलंत की. आजारी मानसाला पाप नसतं." आई म्हणाली, "तिनं केलं त्ये बरूबर केलं." असं म्हणाली. माझ्या डोक्यावर हातही ठेवला. कुणालाही वाटावं की मिटलं.

दोन दिवसांनी आम्ही खडकीला परतलो. आता आंबा चालत होता. मी दुपारी रस काढला, दूध घातलं, घुसळलं, पेला तिच्या हातात दिला. तिनं पेल्यात बघितलं आणि विचारलं, "ह्यात काय हाय?"

"आंबा, दूध, साखर."

"आनि?"

"आनि काय न्हाई, आई."

मग ती प्याली. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. अनोळखी गावात पाणी पिताना माणूस चौकशी करतं, तशी. पाणी दिलं तरी पेल्यात वाकून बघायची. चहाला, औषधाला, ताकाला, "ह्यात काय हाय? आनि?" डिसोजाबाईंनी आणलेली पेज मात्र न विचारता घेतली. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत असंच चाललं. वजन घटलं नाही, डॉक्टर खूश होते. ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी ती गेली. गाठ पार खालपर्यंत पसरली होती, डॉक्टर म्हणाले, कशानंही वाचली नसती.

तिच्या मरणाचं पाप मी माथ्यावर घेत नाही. आज तशीच वेळ आली तर मी पुन्हा आंबाच पाजीन, हेही सांगते. मला जाळतं ते वेगळंच. तिनं स्वतःचं घर सोडलं, सारवलेली चूल सोडली, ती माझ्या भरवशावर. खडकीत तिचं दुसरं कोण होतं? शहर परकं, डॉक्टर परके, दूधसुद्धा परकं. आपली म्हणून एक मी होते, आणि मीही तिला परकी झाले. शेवटचे आठ दिवस ती माझ्या घरात पाहुण्यासारखी राहिली. मी गाव सोडलं ते लग्नात, असं सगळे समजतात. माझं गाव सुटलं ते त्या आठ दिवसांत.

आता खडकीत घर आहे, मुलं, सुना आहेत, नातवंडं आहेत. आंबा फेब्रुवारीतच येतो आणि डबाबंद तर बारा महिने मिळतो. घरातली सगळी खातात, मी आखितीपर्यंत थांबते, त्यावरून नातवंडं थट्टा करतात. करू देत. आखितीला मी हिर्डोशीला जाते. दादा गेला, आता त्याचा मुलगा पान वाढतो. नानांचं, आईचं, दादाचं. तिथं मला कुणी फारसं ओळखत नाही, माझी खोली नाही, एक रात्र राहून परत यायचं. तरी माझं घर म्हणून मी तेवढंच धरते, आईच्या पानापुढची ती हातभर जागा. सगळे उठून गेले की मी तिथं बसते, पदर पुढं ओढते आणि तिला एकेक सांगते. आई, ही पोळी, पुरणाची. ह्या कुरडया. हा रस, आंब्याचा, परसातल्या झाडाचा, त्यात थोडी साखर. आनि काय न्हाई.