छज्ज्याखालचा जबाब

पडलेल्या छज्ज्याचा मलबा पंचनाम्याआधीच मी उचलायला लावला. ट्रॅक्टर ठेकेदाराचा. न मागता त्यानंच दिला, म्हणून मला माणूस भला वाटला. फौजदारकीतून निवृत्त झालो, तरी लोह्याजवळच्या त्या मंगल कार्यालयाची आठवण निघाली की स्वतःचाच संताप येतो.

एका गवंड्याचा पाय चेचला होता. ठेकेदार कानाशी लागला, "साहेब, नकाशातच खोट हाय. ड्रॉइंगवाल्या बाईला धरा." नकाशावर सही लातूरच्या एका बाईंची. इमारतींचे तांत्रिक नकाशे काढणं हे त्यांचं काम. अटक झाली असती तर नोकरी गेलीच असती, पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

इमारतीला दोन छज्जे. एक पडलेला, दुसरा शाबूत. शाबूत छज्ज्याच्या सावलीत मी टेबल टाकलं आणि जबाब सुरू केला. बाई उन्हात उभ्या.

"सावलीत या."

"नको साहेब. तुम्ही पण तिथं बसू नका."

"धमकी देताय?"

बाईंना ऐकू जाईल असं म्हणत केस डायरीत लिहिलं : संशयित घटनास्थळी अस्वस्थ, जवळ येण्यास तयार नाही. मोठा अनुभवी ना मी! दोन दिवस हेच चाललं.

तिसऱ्या दिवशी बाई वैतागल्या. लांबूनच नकाशा उलगडून म्हणाल्या, "छत दोन्हीकडं भिंतींवर टेकतं, त्याचे मुख्य लोखंडी गज खाली. छज्जा एकाच बाजूनं धरलेला असतो, त्याचे गज वर लागतात. मी वरच दाखवलेत, बघा. गज खरं कुठं टाकले होते ते मलब्यात दिसलं असतं, तो तुम्ही उचलला. आता हा दुसरा फोडा, त्याच हातांनी केलाय. आधी टेकू लावा."

टेकू लावले. पंचांसमोर वरून छिन्नी चालली. चार बोटं खोल गेली तरी गज लागेनात. लागले ते पार तळाशी.

छज्जे भरणाऱ्या मिस्त्रीला बाजूला घेतलं. तो लगेच बोलला, "काँक्रीटचा माल टाकताना गज पायाखाली दबले साहेब. म्या ठेकेदाराला दाखवलं. ते म्हणले, झाकल्यावर कोण बघून राहिलंय? भर."

खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा, हे आधी तपासावं. पोरसवदा शिपायालाही हे शिकवतात. मला ते पन्नाशीत कळलं, तेही ठेकेदाराला गाडीत बसवताना.

बाईंना निरोप देताना खजील झालो होतो, म्हणून आवाज चढवला, "छज्जा धोक्याचा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

"सांगितलं की. तुम्ही ते माझ्याच विरोधात लिहून घेतलं."