तिघांच्या तीन पट्ट्या
मैदानावर रेषा मारायला टाकलेल्या चुन्याचा वास आला की मला खुलताबादकडचं आमचं शेत आठवतं. वडील आणि दोन्ही चुलत्यांनी ते वाटून घेतलं, तेव्हा मोजणीवाल्यानं असाच चुना टाकला होता. रस्ता प्रत्येकालाच हवा होता, म्हणून शेत लांबीत कापलं आणि तिघांना तीन अरुंद पट्ट्या आल्या. मधे बांध पडले. त्या जूनमध्ये वडिलांनी पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला. ड्रायव्हर बांधावर उभा राहून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, एवढ्याशा पट्टीत वळत नाय. शेजारच्या रानात चाक घालावं लागंल." शेजारी धाकटा चुलता होता आणि त्याची कपाशी नुकतीच उगवली होती. वडिलांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, माझं लई नुकसान व्हईल." ते खोटं नव्हतं. वडिलांनी ट्रॅक्टर माघारी पाठवला. मग दोन दिवस ते, आई आणि मी वाकून मक्याचा एकेक दाणा हातानं टोकत होतो आणि चुलता पलीकडं खुरपत होता. मधे हातभर रुंदीचा बांध, पण कुणी कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढं वडील गेले, चुलते थकले, आम्ही पोरं चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागलो. मागच्या वर्षी तिन्ही पट्ट्या एकाच माणसानं प्लॉटिंगसाठी घेतल्या. सही करून मी शेवटचं बघायला गेलो, तर बांध मोडून झाले होते आणि त्याचा ट्रॅक्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा वळत होता.