माझ्या वडिलांचे पितळी ठसे

माझे वडील लोरेन्झ केफरलाइन पुस्तकं बांधायचे. पाद्रीबाबांच्या वह्या, शाळेची पुस्तकं, काहीही. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते घरोघरच्या मोठ्या बायबलांमुळे. बीच लाकडाच्या फळ्या, त्यांवर डुकराचं पांढरं कातडं, चारी कोपऱ्यांना पितळ आणि पुस्तक घट्ट मिटून राहावं म्हणून दोन पितळी आकड्या. कातड्यावर तापवलेल्या ठशांनी उमटवलेली द्राक्षवेल, डाळिंबं, मध्यभागी कोकरू. पहिल्या कोऱ्या पानावर त्या घरातली जन्म-मरणं लिहिली जायची.

ठसे वडिलांच्या आजोबांपासूनचे होते. वेलीसाठी गोल फिरणारी चाकं, फुलांसाठी सुटे ठसे, सगळं भरीव पितळ. ठसा किती तापलाय हे ते गालाजवळ धरून ओळखायचे. एकदा जरा जास्तच जवळ धरला होता, त्याचा तपकिरी डाग डाव्या गालावर कायमचा राहिला. पानांची शिवण मी करायचे. ठशांना मात्र मी किंवा आई, कुणीच हात लावायचा नाही.

एकोणीसशे सतरा साल, लढाईचं तिसरं वर्ष होतं. सलगम खाऊन काढलेल्या त्या हिवाळ्यानंतर वरून हुकूम आला की तोफगोळ्यांसाठी प्रत्येक गावाने अमुक इतकं पितळ द्यायचं. दारांच्या मुठी गेल्या, खलबत्ते गेले, मेणबत्तीदाण्या गेल्या, तरी वजन भरेना. तेव्हा गिरणीवाला ब्रेम, ज्याच्यावर गोळा करायचं काम होतं, तो आमच्या दुकानात येऊन बसला.

"लोरेन्झ, अकरा बायबलं आहेत गावात. कोपरे आणि आकड्या धरल्या तर भरतंय आपलं. लोकांनी पक्कडीने ओरबाडण्यापेक्षा तू काढ. तुझ्या हाताने कातडं तरी फाटणार नाही."

"मीच लावलंय ते, ब्रेम."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. मला काय हौस आहे होय? नाही भरलं तर माझी मान धरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच आल्या झिबिलाकाकू रॉयटर. नवरा कधीच गेलेला, दोन्ही मुलगे फ्रान्समध्ये मातीआड झालेले. बायबल उचलवेना म्हणून हातगाडीवर घालून, वरून शाल पांघरून आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं तरी त्यांचा हात त्यावरून निघेना.

"आकड्या काढल्यास तर हे उघडंच पडणार, लोरेन्झ. माझी दोन्ही पोरं आत आहेत. दार नको का त्यांना?"

वडिलांनी शाल पुन्हा बायबलावर पांघरली. मग म्हणाले, "घेऊन जा काकू. काही काढत नाही मी."

त्या गेल्यावर त्यांनी भिंतीवरचे ठसे एकेक करून उतरवले. प्रत्येक ठसा फडक्याने पुसला, लाकडी मुठी ठोकून काढल्या आणि पितळ गोणपाटात बांधलं. मी विचारलं, "बाबा, काय करताय?" ते म्हणाले, "तू तुझी शिवण कर, रेटा." गोणपाट पाठीवर टाकून ते गिरणीत गेले. मी मागोमाग गेले.

ब्रेमने आ वासून बघितलं. "अरे, ही तुझी हत्यारं आहेत."

"पितळ आहे ना? तोल."

काटा पलीकडे झुकला. गावाचं वजन भरलं, वर थोडं उरलंच.

घरी आई चुलीपाशी उभी होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. "उद्यापासून वेली कशाने काढणार? नखांनी?"

"लढाई संपली की नवे करू, डोर्ला."

"करशील. तोवर आम्ही तुझ्या मोठ्या मनाचं सूप पिऊ."

त्या वसंतात कुणी आमच्याकडे ससा पाठवला, कुणी अंडी पाठवली. भेटले की टोपी काढायचे. लढाई संपली, पण नवे ठसे काही झाले नाहीत. न्यूर्नबर्गला ठसे कोरणारा जो कारागीर होता तो लढाईतून परतलाच नाही, आणि दुसऱ्याचा भाव ऐकून वडील तसेच परत आले. बिनठशांची बायबलं कुणाला नको होती. ज्यांना नक्षी हवी ते छापखान्यातून तयार पुस्तकं मागवू लागले. वडील ग्रामकचेरीच्या नोंदवह्या करड्या कापडात बांधू लागले.

एकवीस साली माझं लग्न झालं. आमच्यात नवरीच्या हातात गीतांचं पुस्तक असतं, सोनेरी कडांचं, वर तिचं नाव. माझं पुस्तक वडिलांनीच बांधलं, कातडं इतकं मऊ की हातातून खाली ठेवू नये. पण नाव उमटवायला ते शेजारच्या गावच्या बांधणीवाल्याकडे द्यावं लागलं. आणायला ते स्वतः चालत गेले. देवळात सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझे वडील मांडीवरच्या टोपीकडे.

मग ते साल आलं, जेव्हा सकाळी मिळालेल्या पगाराची संध्याकाळी भाकरसुद्धा येत नसे. मी त्या आठवड्यात माहेरी होते. झिबिलाकाकू पुन्हा बायबल हातगाडीवर घालून दारात आल्या. आता फार वाकल्या होत्या.

"पाठ सुटलीये रे याची. न्यूर्नबर्गचा एक जण गुरुवारी येतोय, जुनी बायबलं घेतोय. पीठ देतो, डबाभर चरबी देतो. पाठ धड असली तर दोन डबे."

आईने आतून ऐकलं. भांडं आपटल्याचा आवाज आला. वडिलांनी पुस्तक हातात घेतलं, उलटून पाठ बघितली.

"बुधवारी देतो."

"रागावलास?"

"नाही काकू. खायला तर लागतंच."

काकू दारापर्यंत जाऊन थांबल्या. "ते पहिलं पान मात्र कापून दे मला. ते नाही विकायचं मी."

आयुष्यात वडिलांनी कुठल्या पुस्तकाचं पान कापलं नव्हतं. पाठ एका दिवसात झाली, कोपरे आणि आकड्या खडूने घासून लखलखीत झाल्या, पण पान तसंच होतं. बुधवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "रेटा, पट्टी धर." मी पट्टी धरली. त्यांनी सुरी एकदाच फिरवली.

गुरुवारी बायबल त्यांनीच उचलून चौकात नेलं, कारण काकूंना झेपणार नव्हतं. व्यापाऱ्याने आकड्या उघडल्या, मिटल्या, वेलीवरून अंगठा फिरवला.

"काम झकास आहे. कोण करतं हे इथे?"

"आता कुणी नाही," वडील म्हणाले.

त्या दिवशी अकरापैकी सात बायबलं त्याच्या गाडीत चढली. लोक पीठ घेऊन घाईघाईने घरी गेले, आणि आमच्या दुकानावरून जाताना बरेच जण पलीकडच्या कडेने गेले. आई मात्र त्या संध्याकाळी वडिलांशेजारी बाकावर येऊन बसली. ठसे दिल्यापासून ती तशी बसलेली मी पाहिली नव्हती.

ते आणखी साडेपाच वर्षं जगले, नोंदवह्या बांधत. एका मार्चमध्ये खोकल्याने गेले. पुस्तकं दाबायचा मोठा लाकडी शिकंजा आईने सुताराला देऊन टाकला. तो त्यात खुर्च्या चिकटवतो.