आतली कड

भिंगकाकांना एका जागी बसता येत नाही, हे त्यांच्या घरातल्या खुर्च्यांना विचारावं. तीन खुर्च्या आहेत आणि तिन्हींचे पाय ढिले आहेत. माणूस बसतो, उठतो, खिडकीपाशी जातो, परत येऊन भलत्याच खुर्चीवर बसतो, आणि या सगळ्यात हातातलं भिंग काही सुटत नाही. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात पस्तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून काढली, म्हणून बसायची सवयच लागली नाही, असं ते सांगतात. काकू म्हणतात, नोकरीला कशाला बोल लावता, लग्नाच्या दिवशीही तुम्ही असेच होता.

निवृत्त झाल्यावर माणूस घरात भिंती मोजत बसेल अशी काकूंना भीती होती. पण फोनने वाचवलं. जुन्या मोटारींचा नाद असलेली चारशे-साडेचारशे माणसं एका ग्रुपवर आहेत. कुणाला पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा दिवा हवा असतो, कुणाला आरसा, कुणाला नुसतं एक बटण. असा माल दुकानात मिळायचे दिवस गेले. तो आता ऑनलाइन मिळतो, आणि दहातले सात नग डुप्लिकेट निघतात. विकणारा छातीठोकपणे लिहितो, 'ओरिजिनल, जुना स्टॉक'. मग ते फोटो ग्रुपवर येतात आणि खाली प्रश्न येतो: काका, घेऊ का?

काकांचं उत्तर एका शब्दाचं. 'घ्या' किंवा 'सोडा'. कारण विचारलंच तर सांगतात, आणि सांगताना थोडे चिडतात, कारण जे त्यांना ढळढळीत दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. पन्नास वर्षांचा पार्ट आणि रबर कोळशासारखं काळंभोर? सोडा. नंबर आहे तिथेच फोटो नेमका पुसट? पाणी मुरतंय, सोडा. मळ सगळीकडे सारखाच बसलाय? तो बसलेला मळ नव्हे, लावलेला मळ. वापरातली वस्तू हात लागतो तिथे झिजते आणि हात पोचत नाही तिथे मळते. दोन वेगवेगळे विकणारे आणि मागे टेबलावरचं कापड तेच? मग फोटो एकाचा आणि माल तिसऱ्याचाच. एकदा एका गृहस्थाने उलट विचारलं होतं, की काका, फोटोवरून इतकं कसं कळतं? काकांनी लिहिलं, 'बघितल्यावर कळतं.' त्यानंतर कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र ग्रुपवरच्या जुन्या लोकांना ठाऊक होती आणि ती कुणी काढत नसे. काकांचे सख्खे थोरले भाऊ ओतकाम करायचे. जुन्या गाड्यांचे न मिळणारे पार्ट पितळेत ओतून, कानशीने घासून, हुबेहूब तयार करायचे. हात असा की दोन नग शेजारी ठेवले तर बनवणाराही गोंधळावा. दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिल्याला आता अठरा वर्षं झाली होती.

झालं असं होतं. काकांच्या दुकानातून दाराचं एक हँडल ओरिजिनल म्हणून विकलं गेलं, आणि गिऱ्हाईक ते परत घेऊन आलं. मधल्या दलालाने दादांकडून घेतलेला माल ओरिजिनल म्हणून दुकानात खपवला होता. मालकाने काकांना फैलावर घेतलं. त्याच वेळी, कसल्याशा कामाने, दादा दुकानात आले. काकांचा राग नाकाच्या शेंड्यावर. भरल्या दुकानात ते ओरडले, "नकली माल करून लोकांना फसवतोस आणि वर माझ्याच दुकानात येतोस?"

दादा शांतपणे म्हणाले होते, "मी नक्कल करतो, फसवत नाही. सांगून विकतो. माझ्या प्रत्येक नगावर माझी खूण असते. तू एवढा पारखी आहेस ना? शोध."

ते हँडल काकांनी घरी आणलं आणि दोन दिवस भिंगाखाली घातलं. अक्षर नाही, ठिपका नाही, ठोकलेला शिक्का नाही. दादा खोटं बोलला, हे त्या दोन दिवसांत कायमचं ठरून गेलं. हँडल कपाटाच्या खणात गेलं आणि दादांकडे जाणं-येणं बंद झालं. वहिनी सुरुवातीला फोन करायच्या. पुढे त्यांनीही सोडून दिलं.

तर परवाचं हे प्रकरण. दातांची एक डॉक्टर आहे, ग्रुपवर नवी. तिच्या वडिलांची जुनी गाडी ती दुरुस्त करून घेते आहे. मागच्या डाव्या दाराचं हँडल तुटलेलं, म्हणून वडील पलीकडच्या दाराने आत शिरतात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सरकत सरकत आपल्या जागेवर येतात. तिने तीन फोटो टाकले. काकांनी पाहिले. अंगठा पडतो नेमका तिथेच क्रोम उडून खालचं पितळ पिवळं दिसत होतं. हल्लीच्या डुप्लिकेटमध्ये ते राखाडी दिसतं, कारण आत पितळ नसतंच. स्क्रूची भोकं नीट, मळ कानाकोपऱ्यात. काका खूश झाले आणि कधी नव्हे ते एका शब्दावर थांबले नाहीत. त्यांनी लिहिलं, 'शंभर नंबरी. डोळे झाकून घ्या.'

तिने घेतलं. ग्रुपवर पन्नास जणांनी पसंतीचे अंगठे टाकले.

दुसऱ्या दिवशी दाढी करता करता काकांच्या मनात पाल चुकचुकली. तिसरा फोटो. हँडलच्या पाठीचा. पाठीमागे हँडल पोकळ असतं आणि ती पोकळी दाराच्या पत्र्यावर बसते. त्या पोकळीची कड फोटोत गोल दिसत होती. गुळगुळीत, झिजल्यासारखी. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून काकांनी फोन उघडला. कड गोलच होती. पण तिथे झिजवणार कोण? एकदा हँडल दारावर बसलं की तिथे कुणाचा हात जातो?

त्यांनी विकणाऱ्याला निरोप पाठवला की पाठीचा एक फोटो उजेडात, तिरका धरून पाठवा. उत्तर आलं, 'माल पॅक झाला साहेब, आता खोक्याचा फोटो पाठवू का?'

पुढचे आठ दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. काका ताटावरून उठत आणि फोटो बघत. भाजी आणायला जात आणि पिशवी रिकामी घेऊन परत येत. भिंगाने फोनची काच बघत, मग फोन डोळ्याजवळ नेत, मग लांब धरत. ग्रुपवर कुणी नवा फोटो टाकला तर उत्तर देईनात. चूक झाली असं लिहावं, तर खात्री नाही. गप्प बसावं, तर बसवत नाही.

"एवढं काय आहे त्यात?" काकू म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं. माणूस आहात."

"माझ्या शब्दावर घेतलंय तिने."

"मग तिला फोन करा."

"आणि काय सांगू? कड गोल आहे म्हणून?"

काकू पोळपाट आपटून म्हणाल्या, "तुमच्याच पायाला भिंगरी लागली आहे. माझ्या डोक्याला कशाला लावता?"

नवव्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. खोकं आलंय, तुम्ही असताना उघडते. काका दवाखान्यात पोचले तेव्हा ती एका पेशंटला गुळण्या करायला लावत होती. तो गेल्यावर तिने हातमोजे काढले, तिच्या त्या बारीक हत्याराने खोक्याची चिकटपट्टी कापली आणि हँडल खुर्चीवरच्या मोठ्या दिव्याखाली धरलं. काकांनी भिंग लावलं. समोरून सगळं ठीक. बाजूने ठीक. वजन ठीक. उलटं केलं. पुन्हा भिंग. काही नाही. कंटाळून, चिडून त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि उजव्या हाताची तर्जनी पोकळीत घालून कडेवरून फिरवली.

बोट पूर्ण फिरून आलं. कुठे टोचलं नाही.

त्या बोटावर एक जुना व्रण आहे, टोकापासून पेरापर्यंत. काका नऊ वर्षांचे होते आणि दादा पंधरा वर्षांचा. वडिलांच्या ओतशाळेत दादाने नुकतंच घासलेलं एक ओतीव काकांनी हौसेने उचललं होतं, आणि आतली न घासलेली कड सुरीसारखी लागली होती. दादाने स्वतःचा सदरा फाडून बोट बांधलं होतं. वडील दादालाच ओरडले, की बाहेरून चकचकीत करतोस आणि आतली कड तशीच सोडतोस? बसवणाऱ्याला हात नसतो का? दादा काकांचं बोट दाबून धरून नुसता रडत होता.

कारखान्यात आतली कड कोण घासत बसतं? तिथे हजार नग निघतात. आणि चोर तर मुळीच घासत नाही, जे दिसत नाही त्यावर तो कानस कशाला झिजवेल?

"काय झालं, काका?" डॉक्टरने विचारलं. "बसता का जरा?"

काका चक्क बसले. दातांच्या त्या आडव्या खुर्चीत.

"हे ओरिजिनल नाही," ते म्हणाले. "चुकलो मी."

तिने हँडल उलटसुलट करून बघितलं. "बसेल का दाराला?"

"ओरिजिनलपेक्षा नीट बसेल."

"मग बसवू या की. मी दिवसभर दुसरं काय करते? नकली दातच बसवते, फक्त पेशंटला सांगून."

सांगून. काकांना तो शब्द कडेपेक्षा जास्त लागला. त्यांनी ते हँडल एका दिवसासाठी मागून घेतलं.

घरी येऊन त्यांनी कपाटाचा खण ओढला. अठरा वर्षांपूर्वीचं हँडल बाहेर काढलं. शेजारी त्याच गाडीचं एक खरंखुरं, कारखान्यातलं हँडल ठेवलं, त्यांच्या खजिन्यातलं. तिसरं डॉक्टरचं. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "बोट घाल आत. तिन्हींत. जपून."

काकूंनी पिठाचा हात पुसला आणि बोट फिरवलं. "ही दोन मऊ आहेत. हे टोचतंय." मग त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "हीच का ती खूण?"

काकांनी मान हलवली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाल्या. त्या आणखी खूप काही बोलल्या असत्या, बोलायचा त्यांना हक्कही होता. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी नुसत्या चपला पुढे केल्या. "जा. आत्ता जा. उद्यावर टाकलंत तर जाणार नाही तुम्ही."

बसमध्ये काका सीट रिकामी असूनही उभे राहिले. दोनदा घंटा वाजवून उतरायला निघाले आणि दोनदा परत आत आले. कंडक्टर म्हणाला, "काका, एकदा काय ते ठरवा."

दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे झाले होते. "आज कुठे वाट चुकलात, भावोजी?" असं त्यांनी विचारलं, पण आवाजात टोमणा टिकला नाही आणि त्या लगबगीने आत वळल्या. दादा पलंगावर बसले होते. डोळ्यांवर जाड काळा चष्मा, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली.

"कोण?"

काकांना 'मी' म्हणवेना. त्यांनी डॉक्टरचं हँडल दादांच्या हातात ठेवलं. दादांनी ते तोललं, उलटं केलं, आणि लगेच बोट आत घातलं.

"माझं," ते म्हणाले. मग थांबून, "धाकटा आहे का?"

"हो, दादा."

"कुठे मिळालं?"

"ऑनलाइन. मी ओरिजिनल म्हणून पास केलं."

दादा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन धावल्या. "तू? तू पास केलंस?" त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. मग हसू ओसरलं. "खूण सापडली म्हणायची."

"सापडली. भिंगातून बघत राहिलो, म्हणून इतकी वर्षं लागली." "दादा, त्या दिवशी मी दुकानात जे बोललो..."

"चारचौघांत बोललास," दादा म्हणाले. "इथे कोपऱ्यात माफी मागून काय उपयोग? चारचौघांत सांग."

काका उभेच होते. चारचौघं म्हणजे ग्रुप. म्हणजे साडेचारशे माणसं. म्हणजे 'शंभर नंबरी' लिहिणाऱ्या माणसाने 'चुकलो' लिहायचं. त्यांनी येरझारा घातल्या, दारापर्यंत गेले, परत आले, फोन काढला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी पाठवून दिल्या. मग, कुणी न सांगता, दादांच्या पलंगावर बसले.

"वाच," दादा म्हणाले. "मला दिसत नाही अजून."

काकांनी वाचलं: "मागच्या आठवड्यात मी पास केलेलं हँडल ओरिजिनल नाही. मी चुकलो. अठरा वर्षांपूर्वीही चुकलो होतो. पाठीमागे बोट फिरवून बघा. आतली कड टोचली नाही, तर ते कारखान्याचं नाही. ते माझ्या दादाने केलेलं आहे. त्याने कधी कुणाला फसवलं नाही."

दादांनी चष्म्याखालून डोळे पुसले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात लावायला मनाई केली होती, म्हणून वहिनी ओरडल्या.

"पुन्हा वाच," दादा म्हणाले.